व्यंगचित्रांतील कंपन्यांचे दिवाळे

बुडालेली व्यापारी कंपनी, तिचे प्रवर्तक व संचालक, तिच्यात पैसा गुंतविणारे लोक आणि तिच्या मालमत्तेचा ताबा घेणारी न्यायालयीन यंत्रणा यांचे उपरोधपूर्ण चित्रण हा राजकीय व सामाजिक व्यंगचित्रकलेचा एक जुना विषय आहे. कंपन्यांच्या संदर्भात त्याची ठळक सुरुवात १७२० मध्ये हॉलंड, फ्रान्स व इंग्लंड या देशांत प्रसिद्ध झालेल्या उत्कीर्ण चित्रांपासून झाली. कंपनी बुडाली म्हणजे तोटा कोणाचा, दोष कोणाचा व भरपाई कोणी करावयाची, असे तीन प्रश्न उभे राहतात. कायदा त्यांची उत्तरे अनेक वर्षांनी देतो. व्यंगचित्रकाराला ती पुढच्याच अंकासाठी द्यावी लागतात. त्यामुळे दोषी कोण, याविषयी त्या त्या काळातील लोकमताचा कल समजून घेण्याचे एक साधन म्हणून या चित्रांना इतिहासात महत्त्व आहे.

या विषयात चित्रकारापुढे एक मूलभूत अडचण असते. व्यक्तीच्या नादारीला रूप असते. मराठीतील ‘दिवाळे’ या शब्दाचा संबंध, नादार व्यापाऱ्याने भरदिवसा दुकानात दिवा लावून आपली स्थिती जाहीर करण्याच्या जुन्या प्रथेशी जोडला जातो. यूरोपीय भाषांतील दिवाळखोरीवाचक शब्द सराफाचे मोडलेले बाक या अर्थाच्या इटालियन शब्दप्रयोगावरून आला असे मानतात. या दोन्ही कल्पनांत माणूस, त्याचे दुकान व त्याची अप्रतिष्ठा डोळ्यांपुढे उभी राहते. कंपनी ही मात्र कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती होय. तिला चेहरा नाही. ती लाजत नाही व पळूनही जात नाही. तिचे भागधारक विखुरलेले असतात आणि मर्यादित देयतेच्या तत्त्वामुळे त्यांची जबाबदारी त्यांनी घेतलेल्या शेअरांपुरतीच असते. अशा अदृश्य व्यक्तीच्या ऱ्हासाचे चित्र काढावयाचे, तर तिला कोणाचा तरी चेहरा द्यावा लागतो. तो कोणाचा द्यावा, ही निवड म्हणजेच दोषारोप होय. व्यंगचित्रांतील कंपनी-दिवाळ्याचा इतिहास हा मुख्यतः या निवडीचा इतिहास आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी : बुडालेल्या कंपनीच्या बाबतीत समापन व रिसीव्हरची नेमणूक या दोन भिन्न गोष्टी आहेत. समापनात समापक म्हणजे लिक्विडेटर मालमत्ता विकून धनकोंची देणी यथाशक्ती भागवितो व अखेरीस कंपनीचे अस्तित्व संपते. रिसीव्हर (प्रापक) हा न्यायालयाने, अथवा तारणदार धनकोंनी करारातील अधिकारानुसार, मालमत्तेचा ताबा घेण्यासाठी नेमलेला असतो. तो उत्पन्न गोळा करतो, मालमत्तेची नासधूस होऊ देत नाही आणि आवश्यक तेथे धंदाही चालू ठेवतो. म्हणजे रिसीव्हर आला याचा अर्थ कंपनी संपली असा नव्हे. इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने संयुक्त भांडवली कंपन्यांची नोंदणी सुलभ झाली, १८५५ मध्ये मर्यादित देयता मान्य झाली व १८६२ च्या कायद्याने या तरतुदी एकत्र आल्या. अमेरिकेत रेल्वे-कंपन्यांची पुनर्रचना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने रिसीव्हरमार्फतच होत असे. या यंत्रणेचे काम दीर्घ, कागदोपत्री व नीरस असते. व्यंगचित्रांत तिला तुलनेने कमी स्थान मिळाले, त्याचे एक कारण हेच होय.

वारा, बुडबुडा व जमाव (१७२०) : इंग्लंडमधील साउथ सी कंपनी १७११ मध्ये स्थापन झाली. सरकारी कर्ज आपल्या भांडवलात सामावून घेण्याच्या तिच्या योजनेमुळे तिच्या शेअरचा भाव जानेवारी १७२० मधील सु. १२८ पौंडांवरून त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सु. १,००० पौंडांपर्यंत चढला आणि सप्टेंबरअखेर तो २०० पौंडांखाली कोसळला. याच सुमारास फ्रान्समध्ये जॉन लॉ (१६७१–१७२९) या स्कॉटिश अर्थतज्ज्ञाने उभारलेल्या मिसिसिपी कंपनीचाही डोलारा कोसळला. हॉलंडमध्ये या घटनांवरील सत्तरांहून अधिक उपरोधिक चित्रे व अनेक लेख एकत्र करून मूर्खपणाचा महान देखावा या अर्थाच्या नावाने एक संग्रह प्रसिद्ध करण्यात आला. डच भाषेत अशा सट्ट्याला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. त्यामुळे भाते, गुबगुबीत गालांनी वारा फुंकणाऱ्या आकृती, फुगलेली पोटे व साबणाचे फुगे या प्रतिमा त्या चित्रांत वारंवार येतात. बेर्नार पिकार (१६७३–१७३३) याच्या प्रसिद्ध चित्रात भाग्यदेवतेचा रथ मूर्खता हाकीत आहे, निरनिराळ्या कंपन्या मानवी रूपात तो ओढीत आहेत आणि त्यांतील काही लंगड्या आहेत. चित्रात दाखविलेली रुग्णालय, वेड्यांचे इस्पितळ व गरीबगृह ही ठिकाणे या मिरवणुकीचा शेवट कोठे होणार हे सुचवितात.

इंग्लंडमध्ये विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याने आपल्या कारकीर्दीच्या आरंभीच साउथ सी योजनेवर एक रूपकात्मक चित्र कोरले. त्यात भाग्यचक्राचा फिरता पाळणा केला असून त्यावर समाजाच्या निरनिराळ्या थरांतील माणसे बसली आहेत. स्वार्थ प्रामाणिकपणाचे हालहाल करीत आहे, दुष्टता प्रतिष्ठेला चाबकाने फोडीत आहे, सैतान भाग्यदेवतेच्या देहाचे तुकडे तोडून जमावाकडे फेकीत आहे आणि व्यापार एका कोपऱ्यात उपाशी पडला आहे. लंडनच्या आगीच्या स्मारकासारखा एक स्तंभही त्यात आहे. १७२० साली साउथ सीमुळे झालेल्या शहराच्या विनाशाची स्मृती म्हणून तो उभारल्याचा लेख त्यावर आहे. टॉमस बोल्स या प्रकाशकाने तर पत्त्यांचा एक जोडच काढला. त्याच्या प्रत्येक पानावर एकेका फसव्या कंपनीची टवाळी होती.

या चित्रांतील खरा आरोपी म्हणजे जमाव होय. लोभ सर्वांना झाला व शासनही सर्वांना मिळाले, असा त्यांचा नैतिक सूर आहे. प्रत्यक्षात पार्लमेंटने याहून नेमका दोष शोधला. १७२१ मध्ये कंपनीच्या संचालकांच्या मालमत्तेचा मोठा भाग जप्त करून तो नुकसान भरून काढण्यासाठी वापरावा असे ठरले आणि अर्थमंत्री जॉन एझ्‌लबी याची रवानगी लंडन टॉवरच्या तुरुंगात झाली. कंपनीचा रोखपाल रॉबर्ट नाइट मात्र हिशेबाची गुपिते घेऊन परदेशी निसटला. त्याच्या पलायनामागे दरबारातील वजनदार व्यक्ती आहेत, असे सूचित करणारे द ब्रॅबंट स्क्रीन हे चित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. जमावाकडून सत्ताधाऱ्यांकडे वळलेले हे बोट पुढील शतकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

संस्थेला देह : फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या ताणामुळे बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या मोबदल्यात सोने देणे थांबविले. बँक बुडाली नाही, परंतु तिने आपले वचन पाळणे बंद केले होते. जेम्स गिल्‌री (१७५६–१८१५) याने त्याच वर्षीच्या मे महिन्यात या प्रसंगावर चित्र काढले. त्यात थ्रेडनीडल रस्त्यावरची एक वृद्धा कुलूपबंद पेटीवर बसली आहे. तिचा पोशाख एक पौंडाच्या नोटांचा आहे. आणि पंतप्रधान विल्यम पिट तिच्याशी लगट करण्याच्या निमित्ताने तिच्या खिशातील सोन्याकडे हात नेत आहे. या चित्राने वित्तसंस्थेला प्रथमच लक्षात राहण्याजोगा देह दिला. ‘थ्रेडनीडल रस्त्यावरची म्हातारी’ हे त्या बँकेचे टोपणनाव त्यामुळे रूढ झाले. चित्रातील दोषवाटपही स्पष्ट आहे. संस्था येथे अपराधी नसून बळी आहे आणि तिच्यावर हात टाकणारी सत्ता अपराधी आहे. संकटात सापडलेल्या बँकेला वृद्ध, आजारी किंवा भोळी स्त्री म्हणून दाखविण्याचा संकेत यानंतर दीर्घकाळ टिकला.

प्रवर्तकाचे सोंग : फ्रान्समध्ये सप्टेंबर १८३५ च्या मुद्रणविषयक कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर पूर्वपरवानगीचे बंधन आले. त्यामुळे ल शारिव्हारी या दैनिकाचा चालक शार्ल फिलिपाँ व चित्रकार ऑनोरे दोम्ये (१८०८–७९) यांनी आपला रोख धनिक समाजाकडे वळविला. १८३६–३८ या काळात त्यांनी रोबेर माकेर या पात्रावर शंभर शिलामुद्रित चित्रांची मालिका प्रसिद्ध केली. माकेर हे मुळात रंगभूमीवरील एका दरोडेखोराचे पात्र. फ्रेदेरिक लमेत्र या नटाने ते विनोदी करून लोकप्रिय केले होते. दोम्येने त्याला भांडवलदाराचा कोट चढविला. १८०७ च्या फ्रेंच व्यापारसंहितेप्रमाणे शेअर काढणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या भागीदारी संस्था सरकारी परवानगीवाचून स्थापन करता येत, आणि १८३० नंतरच्या दशकात अशा संस्थांचे पेव फुटले होते. पहिल्याच चित्रात माकेर आपला हडकुळा साथीदार बेर्त्रां याच्यापुढे अवाढव्य काल्पनिक भांडवलाची बँक काढण्याचा बेत मांडतो. पुढील चित्रांत तो वकील, वैद्य, वृत्तपत्राचा चालक, लग्ने जुळविणारा अशी अनेक सोंगे घेतो. भागधारक दर वेळी फसतात व माकेर दर वेळी नव्या नावाची पाटी लावतो.

या मालिकेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात दिवाळे हा अपघात नाही. कंपनी बुडविण्यासाठीच काढलेली आहे. पिकार व होगार्थ यांच्या जमावाची जागा येथे एका धूर्त इसमाने घेतली आणि फसलेल्यांकडे पाहण्याची दृष्टी अधिक सहानुभूतीची झाली, तरी त्यांच्या भाबडेपणाचीही त्यात गय केलेली नाही. माकेर ही विशिष्ट व्यक्ती नसल्यामुळे कोणी अब्रुनुकसानीचा दावा करण्याचा प्रश्न नव्हता. उलट वाचक आपापल्या ओळखीच्या माणसात त्याला शोधू शकत होता.

रेल्वेचा राजा : इंग्लंडमध्ये १८४५ च्या सुमारास रेल्वे-शेअरांचा सट्टा शिगेला पोहोचला, १८४६ या एका वर्षात पार्लमेंटने रेल्वेविषयक अडीचशेहून अधिक कायदे संमत केले. १८४१ मध्ये निघालेल्या पंच या साप्ताहिकाला या काळाने भरपूर विषय पुरविले. व्यंगचित्र या अर्थी ‘कार्टून’ हा शब्द रूढ झाला तोही याच साप्ताहिकात, १८४३ मध्ये, जॉन लीच (१८१७–६४) याच्या चित्रापासून. १८४५ मध्ये पंचने आगगाडीच्या इंजिनाला जगन्नाथाच्या रथाचे रूप देऊन सट्टेबाज भक्त त्याच्या चाकांखाली लोळण घेत असल्याचे दाखविले. रथाखाली देह झोकून देणारे भाविक ही हिंदुस्थानाविषयीची अतिरंजित कल्पना इंग्रज वाचकाच्या परिचयाची होती. आपल्याच वेडाला नाव देण्यासाठी चित्रकाराने ती उसनी घेतली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रात व्हिक्टोरिया राणी आपल्या पतीला, तुमच्याकडे रेल्वेचे शेअर तर नाहीत ना, असे काळजीने विचारताना दिसते.

या उन्मादाचा चेहरा म्हणजे जॉर्ज हडसन (१८०० – ७१) हा होय. यॉर्क येथील या कापडव्यापाऱ्याने अनेक रेल्वे-कंपन्यांवर ताबा मिळविला होता व ‘रेल्वेचा राजा’ असे त्याचे टोपणनाव पडले होते. भरभराटीच्या काळात पंचने त्याला मुकुट घालून दरबार भरविताना दाखविले. १८४९ मध्ये भागधारकांच्या चौकशी समित्यांनी नफ्याऐवजी भांडवलातून लाभांश दिल्याचे व खात्यांत फेरफार केल्याचे उघड केले, तेव्हा तोच मुकुट त्याच्या उपहासाचे साधन बनला. आता व्यंगचित्राला खराखुरा, नावानिशी ओळखता येणारा आरोपी मिळाला होता. तथापि ज्यांनी त्याला मुकुट चढविला ते संसदसदस्य, सरदार व भागधारक हळूहळू चित्रातून बाहेर गेले. अनेकांचा दोष एका माणसावर केंद्रित होण्याची ही प्रवृत्ती पुढेही वारंवार दिसते.

अमेरिका – कोसळणे, झाडू व रिसीव्हर : १८३७ च्या अमेरिकन आर्थिक संकटावर एडवर्ड विल्यम्स क्ले (१७९९–१८५७) याने द टाइम्स हे शिलामुद्रित चित्र काढले. न्यूयॉर्कमधील एका रस्त्यावर एका बाजूला ओस पडलेले जकातघर व दुसरीकडे बँकेच्या दारावरील ठेवीदारांची गर्दी दिसते. सोन्याचांदीत पैसे मिळणार नाहीत अशी सूचना बँकेने लावली आहे. बेकार कारागीर, मूल घेऊन भीक मागणारी आई व गहाणवटदाराच्या दुकानापुढील रांग हेही त्यात आहे. आकाशात मात्र नुकत्याच निवृत्त झालेल्या राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनची टोपी, चष्मा व चिलीम तळपत आहेत. दिवाळ्याचे परिणाम कामकऱ्यांच्या घरापर्यंत कसे पोहोचतात हे एका चौकटीत मांडणारे हे आरंभीचे चित्र होय. परंतु त्यातील गहाणवटदाराला क्लेने ज्यू-द्वेषाचे सूचक नाव दिले आहे, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

१८ सप्टेंबर १८७३ रोजी नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला पैसा पुरविणारी जे कुक आणि कंपनी ही पेढी बंद पडली. पाठोपाठ न्यूयॉर्कचा शेअरबाजार दहा दिवस बंद ठेवावा लागला. त्या महिन्याच्या अखेरीस डेली ग्राफिक या न्यूयॉर्कच्या दैनिकात फ्रँक बेल्यू (१८२८–८८) याचे चित्र आले. त्यात घबराट ही एक भेसूर आकृती आरोग्याधिकाऱ्याच्या नात्याने वॉल स्ट्रीटवरील कचरा झाडून काढीत आहे. दिवाळे म्हणजे संकट नसून शुद्धीकरण आहे, दुबळ्या कंपन्या बुडाल्या ते बरेच झाले, असा या चित्राचा आशय आहे. हा विचार नंतरच्या प्रत्येक मंदीत पुन्हा डोके वर काढतो. त्या झाडूखाली ठेवीदार व मजूरही जातात, हे मात्र चित्रात दिसत नाही.

पक या साप्ताहिकात फ्रेडरिक ऑपर (१८५७–१९३७) याने १८८२ मध्ये जे गूल्ड (१८३६–९२) या रेल्वे-धनिकाला वॉल स्ट्रीटवर चेंडूने खुंट पाडण्याचा खेळ खेळताना दाखविले. त्याच्या चेंडूंवर लबाडी, खोटे अहवाल व ताब्यातील वृत्तपत्रे असा अर्थ देणारी अक्षरे आहेत आणि पडणाऱ्या खुंटांत दलाल, सराफ व अननुभवी गुंतवणूकदार आहेत. दोनच वर्षांनी, मे १८८४ मध्ये, गूल्डच्या नियंत्रणाखालील वॉबॅश रेल्वेने देणी थकण्यापूर्वी स्वतःच न्यायालयाकडे रिसीव्हर मागितला आणि गूल्डच्या विश्वासातीलच माणसे त्या जागी नेमली गेली. ज्यांच्या हाताखाली कंपनी डबघाईला आली त्यांनाच तिचे रक्षक नेमण्याच्या या पद्धतीवर टीका झाली व १८८६ मध्ये न्यायाधीश वॉल्टर ग्रेशम यांनी मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील मार्गांपुरते त्या रिसीव्हरांना दूर केले.

१८९३ च्या मंदीनंतर अमेरिकेतील रेल्वे-भांडवलापैकी सु. एक चतुर्थांश भाग रिसीव्हरांच्या ताब्यात गेला. त्यात नॉर्दर्न पॅसिफिकही होती. रिसीव्हर हा न्यायालयाचा अधिकारी असल्याने त्याच्या हाताखालील रेल्वे-कामगारांचा संप हा न्यायालयाचा अवमान ठरू शकत असे. डिसेंबर १८९३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिकच्या कामगारांना वेतनकपातीविरुद्ध संप करण्यास न्यायालयाने मनाई केली आणि १८९४ च्या पुलमन संपात रिसीव्हरच्या ताब्यातील रेल्वेच्या संदर्भात संपनेत्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. रिसीव्हरशाहीचा सामान्य माणसाला बसलेला हा सर्वांत प्रत्यक्ष फटका होय. व्यंगचित्रांत मात्र संपाची चित्रे व दिवाळ्याची चित्रे बहुधा वेगवेगळी राहिली. १९०१ मध्ये पकमध्ये धाकट्या जोसेफ केप्लरने जे. पी. मॉर्गन या सराफाला साबणाचे फुगे उडविणाऱ्या बैलाच्या रूपात रेखाटले आणि ते धरण्यासाठी हात उंचावणारा जमाव दाखविला. १७२० ची प्रतिमा १८१ वर्षांनी जशीच्या तशी परतली होती.

विद्वेषाचे साधन : चेहरा देण्याच्या गरजेतून या चित्रप्रकाराला एक गंभीर दोष जडला. फ्रान्समधील पनामा कालवा कंपनीने १८८८ च्या अखेरीस देणी थांबविली व फेब्रुवारी १८८९ मध्ये न्यायालयाने तिच्यावर समापक नेमला. सु. ८ लाख गुंतवणूकदारांचा पैसा त्यात अडकला होता आणि त्यांत लहान बचत करणारे बहुसंख्य होते. १८९२ मध्ये संसदसदस्यांना लाच दिल्याचे उघड झाल्यावर कारान दाश (१८५८–१९०९) या चित्रकाराने चेकबुकाच्या आकाराचे एक उपरोधिक पुस्तकच काढले. त्यातील टीकेचा विषय लाचखोर लोकप्रतिनिधी हा होता. पण लाच पोहोचविणाऱ्या मध्यस्थांपैकी काही ज्यू होते, एवढ्या आधारावर एदुआर द्र्यूमाँ याच्या ला लिब्र पारोल या पत्राने सबंध ज्यू समाजाला आरोपी केले व १८९३ पासून आपल्या सचित्र पुरवणीतून त्या विद्वेषाला चित्ररूप दिले. कंपनीचे संचालक, अभियंते, वृत्तपत्रे व मंत्री यांची गुंतागुंतीची जबाबदारी एका वाकड्या नाकाच्या आकृतीत कोंबली गेली. ड्रायफस प्रकरणाची मानसिक पार्श्वभूमी तयार होण्यास अशा चित्रांचा हातभार लागला. कारान दाश स्वतःही पुढे त्या प्रकरणात ड्रायफसविरोधी गटात सामील झाला.

ठेवीदाराचा चेहरा : विसाव्या शतकात आरोपीऐवजी बळीचा चेहरा चित्राच्या मध्यभागी आला. अमेरिकेत १९३०–३३ या काळात सु. ९,००० बँका बुडाल्या. १९३१ मध्ये शिकागो ट्रिब्यूनमध्ये जॉन मकचन (१८७०–१९४९) याने काढलेल्या चित्रात बागेतील बाकावर बसलेल्या, बँक बुडाल्याने नागवलेल्या माणसाला एक खार विचारते, की चांगल्या दिवसांत तू काही साठवून का ठेवले नाहीस? तो उत्तरतो, की ठेवले होते. १९३२ चे पुलित्झर पारितोषिक या चित्राला मिळाले. यात फुगा नाही, राक्षस नाही व मुकुटही नाही. होगार्थच्या काळापासून गुंतवणूकदाराच्या लोभाला दिला जाणारा दोष येथे पूर्णपणे मागे घेतला आहे. हा माणूस लोभी नव्हता. त्याने सांगितलेले सर्व काही केले होते. अमेरिकेत ठेवविम्याचा कायदा १९३३ मध्ये झाला. असा कायदा व्हावा अशी लोकभावना कशी तयार झाली, हे या चित्रावरून समजते.

भारत : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व मुंबईत बँका, वित्तसंस्था आणि भरावाच्या कंपन्या यांचे पीक आले. बॅक बे भराव कंपनीचा ५,००० रु. भरणा झालेला शेअर ५०,००० रुपयांच्याही वर गेला होता. १८६५ मध्ये युद्ध संपताच हा बाजार कोसळला. वायद्याच्या व्यवहारांतून उद्भवलेल्या नादारीच्या निकालासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला, आणि १८६८ मध्ये जुन्या बँक ऑफ बाँबेचे समापन झाले. प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) हे त्या काळाचे सर्वपरिचित नाव, हडसनप्रमाणेच तेजी व मंदी या दोहोंचे प्रतीक ठरले. लंडनच्या पंचच्या धर्तीवर १८५४ मध्ये सुरू झालेले पारसी पंच हे पत्र तेव्हा मुंबईत होतेच. १८८८ पासून ते हिंदी पंच या नावाने निघू लागले.

स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या अनेक बँका पुढे बुडाल्या. १९१३–१८ या काळात ही संख्या ९४ होती. १९६० मध्ये पालाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर भारतात ठेवविम्याचा कायदा झाला व १९६२ पासून विमा लागू झाला. त्याची प्रारंभीची मर्यादा १,५०० रु. होती, २०२० मध्ये ती ५ लक्ष रु. करण्यात आली. आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांनी टाइम्स ऑफ इंडियातून १९५१ पासून चितारलेला चौकड्यांच्या कोटातील सामान्य माणूस हा मकचनच्या बाकावरील माणसाचाच भारतीय भाऊबंद म्हणता येईल. फरक इतकाच, की तो उत्तरही देत नाही; जे चालले आहे ते पाहत उभा राहतो.

महाराष्ट्राशी थेट संबंध आलेले अलीकडचे उदाहरण एन्रॉन या अमेरिकन कंपनीचे आहे. २ डिसेंबर २००१ रोजी तिने नादारीचा अर्ज केला, तेव्हा तिचे तिरपे ‘ई’ हे बोधचिन्ह अमेरिकन व्यंगचित्रकारांना आयतेच सापडले. ते कोसळताना, बुडताना व वाकड्या व्यवहाराचे प्रतीक म्हणून असंख्य वेळा काढले गेले. कंपनीला चेहरा नसतो ही जुनी अडचण कंपनीनेच आपल्या जाहिरातीसाठी घडविलेल्या चिन्हाने दूर केली. रत्नागिरी जिल्ह्यातील तिच्या दाभोळ वीजप्रकल्पातील उत्पादन मे २००१ मध्येच थांबले होते. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाच्या मालमत्तेवर रिसीव्हर नेमला आणि २००५ मध्ये ती रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेली. मधल्या काळात बंद यंत्रसामग्रीची निगा राखणे, धनकोंचे दावे व विजेच्या दराचा वाद हे सर्व चालू होते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने धनकोंची समिती व मुदतबंद निराकरण ही नवी पद्धत आणली असून, बुडीत कर्जावर सोडाव्या लागणाऱ्या रकमेसाठी रूढ झालेल्या ‘हेअरकट’ या शब्दाने व्यंगचित्रकाराच्या हाती आपोआपच कात्री दिली आहे.

मूल्यमापन : या सुमारे तीन शतकांत प्रतिमांचा एक ठरीव संच तयार झालेला दिसतो. फुगा, पत्त्यांचा बंगला व बुडते जहाज कोसळण्याचा क्षण दाखवितात. दरोडेखोर, मुकुटधारी व पोटसुट्या धनिक या आकृती दोषी दाखवितात. गिधाडे, वैद्य व लिलावाचा हातोडा नंतरची व्यवस्था सुचवितात. यांतील पहिला गट सर्वांत जुना व सर्वांत वापरलेला आहे. फुगा फुटतो तेव्हा तो कोणी फुगविला हा प्रश्न मागे पडतो आणि जहाज बुडते तेव्हा दोष वादळाकडे जातो. म्हणून या प्रतिमा वरवर तिखट असल्या, तरी पुष्कळदा सौम्य निर्णय देतात. उलट व्यक्तीचा चेहरा काढणारे चित्र जबाबदारी निश्चित करते, परंतु ती एकावर किंवा एखाद्या निरपराध समाजावरही लादू शकते. दोम्येने काल्पनिक पात्राच्या आधारे एक पद्धत दाखविली व मकचनने बळीच्या बाजूने पाहून दुसरी. या दोन मार्गांनी ही कोंडी काही अंशी फुटली.

इतिहासाचे साधन म्हणून ही चित्रे वापरताना आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. चित्र कोसळण्यापाशी थांबते. कंपनीचे कामकाज अनेकदा थांबत नाही. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेची १८९६ मध्ये पुनर्रचना झाली व तिच्या गाड्या पुढेही धावत राहिल्या. असंख्य चित्रांत १७२० साली फुटून नाहीशी झालेली साउथ सी कंपनी सरकारी कर्जाचे व्याज वाटणारी संस्था म्हणून १८५३ पर्यंत अस्तित्वात होती. या दीर्घ उत्तरकाळात कोणाचे देणे आधी फिटले, कोणाचे राहिले व कामगारांच्या हाती काय पडले, हे कळण्यासाठी न्यायालयांचे निकाल व रिसीव्हरांचे हिशेब पाहावे लागतात. लोकांना त्या वेळी राग कोणाचा आला होता व कोणाची दया आली होती, हे मात्र त्या हिशेबांत सापडत नाही. त्यासाठी ही चित्रेच उपयोगी पडतात.